आई, पास!

पिपलानीच्या बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग होती. माझ्यापुढे विमलताई आणि त्यांची शेजारीण.

"लेक इंदूरला काय करते हो, विमलताई?"

"जुन्या कापडगिरणीच्या जागेवर ऑफिस झालंय, तिथं कंपन्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून सांभाळते."

"म्हणजे चौकीदारीच की!"

"आजोबा त्याच गिरणीच्या फाटकावर होते. कामगारांचे डबेसुद्धा उघडून बघायचे. ही तश्शीच. आवाज बदलून मलाच फोन करते, पासवर्ड विचारते."

"अगंबाई! सांगितलात?"

"छे! दोनदा चांगली झापली. म्हणाली, आई, पास!"

"पण तुम्ही रांगेत कशाला? बँकवाले घरी येतात की."

"आला होता फोन. मला वाटलं, पुन्हा हीच."

"मग?"

"म्हटलं, बाप्याचा आवाज काढतेस, लाज नाही वाटत?"

"अरे देवा!"

"तुम्ही व्हा पुढे. खिडकीतल्या साहेबांचा आवाज अगदी तसाच येतोय."