मास्तरांच्या आडावरचा दोर

तुमी मास्तरांचं घर बघून आला, तिथल्या वहीत सही बी करून आला, तर मला एवढंच सांगा, तिथं तुमाला पेल्यातनं जे पानी दिलं ते आडातनं कुनी शेंदलेलं हुतं? इचारलंत का? न्हाई इचारलं. कुनीच इचारत न्हाई. चष्मा बघत्यात, काठी बघत्यात, कपाटातली घागर बघत्यात, आन् पानी पिऊन जात्यात. ती घागर माझी हाय.

माझं नाव तानाबाई. म्हंजी आता तानाबाई, उद्घाटन झाल्यापासनं. त्याच्या आदी गावात समदी मला तानी म्हनायची, ए तानी लांब सर, ए तानी सावली पाडू नगंस. माहेर मिरजंच्या अंगाला, सासर हितं, कराडच्या खाली, किष्णेच्या काठाला. आमी म्हारवाड्यातली मानसं. किष्णामाई दारात असून पान्याचे हाल कसले म्हनशीला, तर नदीवर बी आमचा घाट सगळ्यांत खाली, गावाची म्हसरं धुतलेलं पानी आमाकडं यायचं. आन् गावच्या आडापाशी घागर ठेवून लांब बसायचं, वाढा वं आक्का, वाढा वं माय, म्हनत ऱ्हायचं. कुनाला दया आली तर ती वरनं ओतायची, हातभर उंचीवरनं, निम्मं घागरीत निम्मं भुईवर. शितोडा उडाला तर तिला परत न्हावं लागायचं, म्हनून शिव्या आमालाच.

मास्तरांची बंगली म्हंजी काय बंगला न्हवं. त्यांच्या आज्यानं बांधलेल्या दोन खोल्या, म्होरं पडवी, वर कौलं. पर भवतीनं बाग. मोगरा, लिंबं, पेरू, सांडपान्यावर अळू, आन् कडंला माझे हळदीचे चार वाफे. माझे म्हनती कारन ते म्या केलं. शाळा सुटली की मास्तर आडातनं पानी शेंदून पाटात वतायचे, आन् मी खाली खुरपं घिऊन पानी फिरवायची, ह्या वाफ्यातनं त्या वाफ्यात. बघा की, पाटातल्या पान्यात माझे दोनी हात कोपरापातूर. ते चालायचं. आडाला हात लावायचा न्हाई. मला बी त्यात काय वावगं वाटत न्हवतं, खोटं कशाला बोलू. जलमल्यापासनं तेच बघितलेलं.

काम झालं की काकी, म्हंजी मास्तरांची बायकू, मला घागरभर पानी वाढायच्या. मायाळू बाई. पायरीवरनं वाढायच्या, पर हळू, सांडू द्यायच्या न्हाईत.

आता खरी गोष्ट हितनं म्होरं हाय, ती कपाटावरच्या पाटीत न्हाई.

लढाई सुरू झालेलं साल हुतं, उन्हाळा हुता, काकी तापानं आजारी पडल्या. मी घागर ठेवली आन् मास्तरांना म्हनलं, आवं मास्तर, आज तुमी वाढा. मास्तर पडवीत वाचत बसले हुते. वर न बघता म्हनाले, तानू, मी पाणी वाढणार नाही. मला वाटलं काय चुकलं. म्हनलं, धाकटं पोरगं तान्हेलंय वं. तर म्हनाले, दोर रहाटावर आहे. मी थट्टा समजले. अशी थट्टा करत्यात का, कुनी बघितलं तर माझ्या नवऱ्याचं टाळकं फुटंल. मी रिकामी घागर घिऊन परत गेले आन् नदीवरनं गढूळ पानी आनलं.

दुसऱ्या दिशी परत तेच. मास्तर, वाढा. नाही वाढणार, दोर आहे. म्या मनातल्या मनात त्यांना लय शिव्या घातल्या. मानूस शिकलं की असं निर्दय हुतं का, म्हनलं. घरला गेले तर नवरा म्हनला, मास्तरबी त्यातलाच निघाला, उगं पुस्तकं वाचतोय. तिसऱ्या दिशी मी खुरपं टाकलं आन् तोंडावर बोलले. म्हनलं, तुमी वाढत न्हाई, गाव वाढत न्हाई, आमी मुतारीचं पानी प्यावं का? तवा मास्तर उठले. कवा मोठ्यानं न बोलनारं मानूस, त्या दिशीबी न्हाई बोललं. म्हनाले, तानू, आज मी वाढलं की उद्या तू परत माझ्याच दारात हात पसरून बसशील. वाढणारा वर आणि घेणारी खाली, हे मला नको. आड माझ्या आज्यानं खणला, दोर तुमच्याच वाड्यानं वळला. शेंदून घे.

आन् पाठ फिरवून पेरूच्या झाडाखाली जाऊन माती उकरत बसले. बघतबी न्हवते.

काय सांगू तुमाला, तो दोर मी लगीन झाल्यापासनं रोज बघत हुते, माझ्या चुलतसासऱ्यानं वळलेला, पर हातात धरला तवा इंगळ धरल्यावानी वाटलं. फास नीट बसला नसंल, घागर निम्म्यात निसटली आन् आडाच्या दगडावर आपटून बुडाली. पितळंची घागर, माझ्या आईनं दिलेली, घरात दुसरं भांडं न्हाई. मी तिथंच रडायला लागले. मास्तर आले, गळ दिला हातात. सोता सोडला न्हाई, माझ्या हातात दिला. म्हनाले, काढ. उन्हं कलल्यावर घागर वर आली, पोटाला ह्यो एवढा पोचा. त्या पोच्याच्या घागरीतनं म्या माझ्या हातानं शेंदलेलं पानी घरला नेलं. नवरा पेला न्हाई भ्यानं. पोरं पेली.

मग जे व्हायचं ते झालं. न्हाव्यानं मास्तरांची दाढी सोडली, परटानं धुनं सोडलं, आन् एक दिस आडात मेलेलं कुत्रं टाकलं. कुनी टाकलं ते समद्या गावाला ठावं. आता जे त्या घराचे अध्यक्ष हायती ना, पाटील, ते तवा तरनेताठे हुते, दुसऱ्या दिशी कुंपनाबाहीर उभं ऱ्हाऊन हसत हुते, काय मास्तर, पानी गोड लागतंय का आता? मास्तर म्हनाले, उपसून बघतो आणि सांगतो. आमी म्हारवाड्यातल्या बायकांनी तीन दिस आड उपसला, मास्तर आन् तापातनं उठलेल्या काकी आमच्याबरूबर रांगंत. नवऱ्याला माझ्या मारलं, त्याचा डावा हात कवा सरळ झाला न्हाई. वाड्यातली जानती मानसं म्हनली, तानी, बास कर. म्या न्हाई केलं. एकदा हाताला दोराची सवं लागली की वाढा वं माय म्हनायला जीभ वळत न्हाई, हे खरं.

बेचाळीसच्या धामधुमीत पोलिसांना चुकवून चळवळीतली पोरं मास्तरांच्या घराच्या माळ्यावर झोपायची. किती? तीन, लय तर चार. आता ज्याला इचारावं तो म्हनतोय मी मास्तरांच्या माळ्यावर हुतो. एवढी मानसं खरंच वर चढली असती तर माळा काकींच्या चुलीवर पडला असता.

मास्तर गेले ते झेंडा बदलायच्या वरसभर आदी. त्यांच्या मागनं काकी. लेक सांगलीला, शिकलेला, मानूस वाईट न्हाई. त्यानं इचार केला की घर इकायचं न्हाई, भाड्यानं द्यायचं न्हाई, वडलांचं घर आन् बाग लोकांना बघायला ठेवायची. मला बोलावून सांगितलं, तानाबाई, आडही तसाच राहील. मला लय बरं वाटलं. मंडळ झालं. मंडळावर कोन, तर गावातली वजनदार मानसं. आन् अध्यक्ष पाटील.

उद्घाटनाच्या आदल्या दिशी मंडळाची दोघं माझ्या झोपडीत आली. आत आली बरं का, पयल्यांदा. म्हनली, तानाबाई, ती ऐतिहासिक घागर द्या, उद्घाटनापुरती. म्या घासून दिली. दोर बी रहाटावरनं काढून नेला, म्हनले जरा साफ करून लावतो. दुसऱ्या दिशी कराडहून आनलेला कर्णा वाजत हुता, मोठे पावने मोटारीतनं आले, मला म्होरल्या रांगंत बसवलं, लुगडं नारळ दिला. म्या म्हनलं मला दोन शबुद बोलायचं हायती. पाटील कानाशी येऊन म्हनले, तुमच्या वतीनं मी बोलतोय न्हवं. आन् बोलले. रडले बी.

मग आत गेलो. काचेचं कपाट, त्यात माझी घागर. मला आदी वळखूच आली न्हाई. पोचा न्हवता. तांबटाकडनं ठोकून पोट गोल केलं हुतं, चिंचंनं लखलखीत. शेजारी दोराचं वेटाळं, त्याला चिठ्ठी बांधलेली. माझा थोरला शिदू पलटनीतनं सुटून आलेला, त्याला वाचता येतं. त्यानं पाटी वाचली, ‘या घागरीने मास्तरांनी अस्पृश्यांस पाणी दिले.’

म्या म्हनलं, न्हाई दिलं.

शिदू म्हनला, आई, हळू बोल. म्या म्हनलं, हळू कशाला? तीन दिस मागितलं, तीन दिस न्हाई दिलं त्या मानसानं. त्याचं मोठंपन त्यातच हाय. देनारे गावात आदी बी हुते, वरनं वतनारे. पाटील पावन्यांसंगं हुते, हसून म्हनले, तानाबाईंना भरून आलंय.

बाहीर आले तर आडावर लोखंडी जाळी आन् जाळीला कुलूप. बघायला येनाऱ्यांची पोरंबाळं पडत्याल म्हनून. एक बाजूचं झाकन उघडतं, त्याची चावी राखनदाराकडं. सकाळच्या पारी तो मंडळाच्या नव्या दोरा-पोहऱ्यानं टाकी भरतो, दोर परत कुलपात ठेवतो, आन् नवाच्या ठोक्याला म्हारवाड्यातल्या बायकांनी रांग लावायची. तो पायरीवर उभा, आमी खाली. लांब दांड्याचं ओगराळं असतंय त्याच्या हातात, त्यातनं वाढतो. मी त्याला म्हनलं, लेका, दांडा एवढा लांब कशाला रं? म्हनला, मावशी, मंडळानं दिलाय, मला काय इचारता.

मी पाटलाकडं गेले. म्हनलं, दोर द्या, घागर द्या, जाळी काढा. पाटलांनी खुर्ची दिली बसायला, ते बी सांगती. म्हनले, तानाबाई, घागर आता तुमची एकलीची ऱ्हायली न्हाई, देशाची झाली. आन् पान्याचं म्हनशीला तर रोज येळंवर मिळतंय, तुमाला आता शेंदायचा बी तरास न्हाई. म्या म्हनलं, पाटील, आडात टाकलेल्या कुत्र्याची चिठ्ठी कंच्या कपाटात लावलीया? तवा मातुर त्यांनी च्या आनायला सांगितलेला परत पाठवला.

शिदूसंगं सांगलीला गेले, मास्तरांच्या लेकाकडं. त्यानं आत बसवलं, आपल्या कपातनं च्या दिला, समदं ऐकून घेतलं. म्हनला, घर लिहून दिलं मी, आता माझ्या हातात काही नाही, मंडळाला पत्र लिहितो. लिवलं असंल. मग म्हनला, तानाबाई, तुम्हाला नवी घागर घेऊन देतो. म्या म्हनलं, तुमच्या बाला कळलं हुतं ते तुमाला कळलं न्हाई बगा. आन् निघून आले. परतीच्या मोटारीत शिदू म्हनला, आई, पलटनीत आमी एका नळाचं पानी पेलो, गोरा बी तिथंच, मी बी तिथंच, आन् हितं? 

आता बाग बघशीला तर कुंड्यांना गेरू फासलाय, हळदीचे वाफे मोडून तिथं हिरवळ केलीया, तिच्यावर चालायचं न्हाई. आड आता रोज टाकीपुरताच उपसला जातोय, त्यानं काय हुतंय, पान्यावर साय धराय लागलीया. उपसा न्हाई तर आड कुजतो, हे काय शिकलेल्या मानसांना सांगाय पायजे? दोराचं बी तेच. दोर भिजला पायजे, वाळला पायजे, हातानं घासला पायजे, तर टिकतो. कपाटात ठेवला की कोरडा पडून एक दिस हात लावता तुटंल. मग म्हनत्याल, जुना हुता.

मी आता म्हातारी झाले. नवाच्या रांगंला जाती, घासलेटचा डबा घिऊन. वाढ रं बाबा, म्हनती. हे माझ्या तोंडातनं परत आलं, त्या आडावर आलं, ह्याचंच वाईट वाटतंय, बाकी कशाचं न्हाई. मास्तरांच्या घराचं मी वाईट चिंतत न्हाई. ते घर ऱ्हावं, बाग ऱ्हावी, लोकं येऊ देत.

तुमी हे छापनार म्हनता, तर वाचनाऱ्याला माझं एक काम सांगा. बघायला जरूर जावा. वहीत काय लिवू नगा. राखनदार पेला घिऊन आला तर घेऊ नगा, म्हनावं, पानी नगं, दोर दे. तो म्हनंल कपाटात हाय. म्हनावं, काढ. तो मंडळाला इचारतो म्हनंल, तर म्हनावं इचार, आमी बसतो. आन् बसा, पडवीत, मास्तर बसायचे तिथंच. जाळी उघडली की आपल्या हातानं एक पोहरा शेंदा आन् प्या. शिकलेली, चांगल्या कापडातली धा मानसं अशी बसली तर मंडळाला सोसायचं न्हाई.

आन् निघताना दोर परत त्यांच्या हातात देऊ नगा. रहाटावर टाकून जावा. मी खाली वाटंला बसलेलीच असती.