पट्ट्याची कडी

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात मास्तरांचा नंबर दुसरा होता. पुढच्या फोटोग्राफर बाईंचं आणि कारागिराचं जुंपलेलं ऐकत ते उभे राहिले.

“गळ्यात लटकवून लटकवून पट्ट्याची कडी सैल केलीत. एवढी जड लेन्स, सगळा ताण कॅमेऱ्याच्या अंगावर येतो.”

“मग काय, डोक्यावर घेऊन फिरू?”

“पट्टा काढा, पिशवीत ठेवत जा.”

“पिशवीची चेन उघडेपर्यंत शर्यतीत पहिली आलेली पोरगी पाणी पीत बसते.”

“एक दिवस कडी उखडून हातात येईल.”

“मानेचा डॉक्टरही हेच म्हणाला. पट्टा काढा, नाहीतर मान जाईल.”

“मग ऐका की त्याचं.”

“त्याला मान बदलता येत नाही. तुम्हाला कडी येते. ती बदला, आणि पट्टा तोच लावा.”