म्हस उलटली

लोहाऱ्याच्या स्टँडवर सास्तूरची जीप भरायची वाट बघत उभी होती. माझ्या मागच्या सीटवर आत्या आणि भाची, दोघींच्या मधी मोबाइल.

"आत्या, हे ॲप मी बनवलंय. कोडची एक ओळ लिहिली न्हाय. नुसतं बोलून सांगितलं, जनावरांचा डॉक्टर हो."

"अन् झाला?"

"झाला की. उद्या कॉलेजात दाखवायचंय. तुमी विचारून बघा कायतरी."

"डाक्टर, माझी म्हस उलटली."

मोबाइल बोलला, "ऐकून वाईट वाटलं. म्हशीजवळ गर्दी करू नका. तिला सरळ करण्यासाठी क्रेन बोलवा."

"आगं बया! क्रेन?"

"खड्ड्यात उलटली का, आत्या?"

"तू बी त्याच्यातलीच! उलटली म्हंजी गाभण राहिली न्हाय, परत माजावर आली. दारात चार म्हशी, अन् तुला एवढं ठावं न्हाय?"

"कसं असंल? तसलं बोलणं निघालं की तुमी समदे मला चहा ठेवायला धाडता."

"...बरं. लिही मग त्यात."

"लिहायचं न्हाय. तुमीच सांगा त्याला."

"ऐक रं डाक्टर. उलटली म्हणलं की माजावर आली समजायचं. क्रेन आणायची न्हाय."

"समजलं. यापुढे लक्षात ठेवेन."

"लई गुणाचं हाय गं. एका सांगण्यात ऐकतंय. तुझ्या मामाला तीस वर्सं लागली."

तेवढ्यात ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "उतरा समदे! फाट्यावर उसाची ट्रॉली उलटली!"

मोबाइल म्हणाला, "घाबरू नका. एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येईल."