मोठ्या पन्ह्याचा कॅमेरा

बाबा : आणि हा मोठा कॅमेरा इथे कपाटात पडून राहणार?

मुलगी : पडून नाही हो बाबा, नीट पिशवीत राहील. पण उद्या तळ्यावर मी लहानच नेणार.

बाबा : काम तुझ्या आईचं. पक्ष्यांची घरटी आणि अंडी तिने टिपली, ती गेली आणि पिल्लं राहिली. पुस्तक काढणारे म्हणाले, बाईंचं काम मुलीनेच पुरं करावं. आणि तू निघालीस लहान कॅमेरा घेऊन. हात खाली, धाकट्या बाई. बाहीला टाचण्या आहेत.

मावशी : नाक खाजवलं मी. तेवढीही मुभा नाही का? कधीची उभी आहे या आरशासमोर, शेतातल्या बुजगावण्यासारखी.

बाबा : कोट हवाय ना? मग ही दुसरी बाही मशीनवरून उतरेपर्यंत तशाच उभ्या राहा.

मावशी : हवाय. पण मी जिवंत असेपर्यंत हवाय. काय गं पोरी, कसला हा लहान-मोठा वाद? मला तर दोन्ही काळे ठोकळेच दिसतात.

मुलगी : मावशी, काचेतून आत आलेला उजेड ज्याच्यावर पडतो ना, तो सेन्सर. मोठ्या कॅमेऱ्यात तो मोठा असतो, त्याला फुल फ्रेम म्हणतात. आईच्या जुन्यात लहान आहे. तो क्रॉप, म्हणजे कापलेला.

बाबा : म्हणजे कापडाचा पन्हा. एकाचा मोठा, एकाचा तोकडा.

मुलगी : तोकडा नाही, लहान. लांबच्या पक्ष्याला तोच बरा पडतो. मधला पक्षी तेवढा घेतो, आजूबाजूचं आकाश सोडून देतो. त्यामुळे पक्षी जवळ आल्यासारखा दिसतो. मोठ्यावर तेवढा पक्षी भरायचा तर हाताएवढी लांब लेन्स हवी, आणि ती उचलायला पाठीमागे एक पैलवान.

मावशी : पैलवान आहेत की. भाऊजी, जाता का?

बाबा : मला दुकानदाराने सांगितलं होतं, कमी उजेडात मोठ्याला तोड नाही. फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येत नाहीत.

मुलगी : खरं सांगितलं त्याने. पण पिल्लं उन्हं वर आल्यावर चोची उघडतात. उजेडाला तोटा नाही तिथे.

बाबा : तरी मोठा तो मोठा. फुल म्हणजे पुरा. पुरं मिळत असताना माणसाने कापलेलं का घ्यावं?

मावशी : हे कोण बोलतंय बघा! सगळा जन्म कात्री चालवण्यात गेला.

बाबा : तुम्ही सरळ उभ्या राहा. डावा खांदा खाली येतोय.

मावशी : तो जन्मापासून खाली आहे. ताई म्हणायची, तुझ्या डाव्या खांद्यावर पोपट बसवला तर घसरून पडेल.

मुलगी : बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?

बाबा : असं विचारून सांगतात तेव्हा रागावण्यासारखंच असतं. सांग.

मुलगी : तुम्ही आईला हा मोठा आणून दिलात, त्याच दिवशी तिने तिची पक्ष्यांची लेन्स त्याला लावून पाहिली. फोटोचे चारही कोपरे काळे आले. लेन्स लहान सेन्सरसाठी केलेली, मोठ्याला पुरेना.

बाबा : मोठ्या कोटाला लहान कोटाचं अस्तर.

मुलगी : अगदी तसंच. तिच्या सगळ्या लेन्स तशाच होत्या. एक सोडून. ती मोठ्याला पुरायची, पण जुनी, आखूड. तिचा पक्ष्यांना काही उपयोग नाही.

मावशी : अगंबाई! म्हणजे दुनियेची मापं घेणारा हा माणूस बायकोचं माप न घेताच दुकानात गेला?

बाबा : गुपचूप आणायचा होता. विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती.

मावशी : आणि ताई काही बोलली नाही?

मुलगी : मला म्हणाली, बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. ते रुमालसुद्धा उजेडात धरून दोनदा बघून घेतात, आणि हा एवढा मोठा कॅमेरा माझ्यासाठी डोळे मिटून आणला. तळ्यावरचे सगळे फोटो लहानावरचे आहेत, बाबा. सगळे. म्हणून मी तोच नेणार. पुढची पानं मागच्या पानांसारखी दिसायला हवीत. चिडलात?

बाबा : नाही.

मुलगी : मग शिवण सोडून कॅमेऱ्यांकडे काय बघताय?

बाबा : मला ठाऊक होतं.

मावशी : काय ठाऊक होतं?

बाबा : की मोठा ती वापरत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचे पट्टे मीच शिवले. विकतचे पट्टे तिच्या मानेला काचायचे, म्हणून आत कापूस घालून, पाठीमागे मऊ कापड लावून दिले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच ठाणातल्या कापडाचे. आता हे बघ. लहानाचा पट्टा. मानेपाशी कापूस बसलाय, कापडाचा रंग उडालाय, कडेची शिवण घामाने कडक झालीये. आणि हा मोठ्याचा. बघ, जसा शिवला तसा.

मुलगी : म्हणजे तुम्हाला पट्ट्यावरून कळलं?

बाबा : कॉलर बघून मी सांगतो, माणूस मान खाली घालून बसतो की वर करून. माझ्या बायकोची मान मला कळणार नाही?

मावशी : मग विचारलं का नाही तिला?

बाबा : काय विचारणार? रोज सकाळी मोठा गळ्यात घालून माझ्यासमोरून बाहेर पडायची. 'येते हं' म्हणायची. या खिडकीतून कोपरा दिसतो. कोपऱ्यावर गेली की थांबायची. मोठा पिशवीत जायचा, लहान बाहेर यायचा. येताना पुन्हा उलट. एवढ्याशा जिवाची बाई, दोन दोन कॅमेरे तळ्यापर्यंत न्यायची आणि आणायची. मला वाईट वाटू नये म्हणून. त्यावर मी काय बोलणार? मी पिशवीचा पट्टा रुंद करून दिला.

मावशी : शाबास! ती ओझं वाहते म्हणून सांगेना, आणि हे ओझं बघतात म्हणून सांगेनात. बरी जोडी जमवली होती आमच्या वडिलांनी.

बाबा : हसू नका, टाचणी टोचेल.

मावशी : हसत नाहीये मी.

मुलगी : सगळं ठाऊक होतं, तर मग मगापासून मोठाच ने म्हणून हट्ट कशाला?

बाबा : तिने तो फुकट वाहिला, असं नको व्हायला. कुणीतरी एकदा तरी कामाला लावावा. एक फोटो. एक जरी बरा फोटो त्यातून निघाला, तर म्हणता येईल, घेतला ते चुकलं नाही. तेवढ्यासाठी.

मुलगी : एवढंच होतं मनात?

बाबा : एवढंच.

मुलगी : मग जरा मशीनवरून उठा. इकडे या, माझ्याजवळ. मी हे आधीच दाखवायला हवं होतं. पण आईचं नाव निघालं की तुम्ही इस्त्री तापवायला घेता. कुठे बोलायचं, तेच कळत नव्हतं.

बाबा : काय दाखवतेस?

मुलगी : मोठ्यातले फोटो.

(मशीन थांबते.)

मावशी : मला दिसत नाहीये. मी हलू का?

बाबा : हलू नका.

मुलगी : हे बघा, याच्या पाठीवरच्या पडद्यावर.

बाबा : हे तर दुकान.

मुलगी : आपलंच.

बाबा : ही माझी पाठ. किती वाकतो मी? हा दिवा. ही रिळं. वरच्या फळीवरची जुनी इस्त्रीसुद्धा आलीये. आणि हा टांगलेला कोट कुठला? हा त्या बँडवाल्याचा, लाल कॉलरचा. त्याची बटणं मोजता येतात की.

मुलगी : पुढे बघा. अजून आहेत. पुष्कळ आहेत.

बाबा : हे कधी काढले? मी तिला फोटो काढू द्यायचो नाही. तोंड काय बघायचं माझं, म्हणायचो.

मुलगी : ती संध्याकाळी इथे कपाटाला टेकून बसायची, तेव्हा काय सांगायची तुम्हाला?

बाबा : कॅमेरा पुसतेय म्हणायची. बॅटरी बघतेय.

मुलगी : तुम्ही मशीन चालवायला लागलात की काढायची. मशीनच्या आवाजात खटका ऐकू यायचा नाही.

मावशी : लबाड! लहानपणापासून तशीच. आईची पाठ वळली की हिचा हात डब्यात.

बाबा : पण दिवा तर एवढासा. ती खिडकीसुद्धा बंद असते संध्याकाळी. आणि हे तर... सुईत ओवलेला दोरा दिसतोय.

मुलगी : तोच तर मोठ्याचा गुण. दुकानदार खोटं बोलला नव्हता. आणि दुसरं म्हणजे, इथे मागे सरकायला जागा नाही. पाठीला कपाट, कपाटाच्या मागे भिंत. तीच आखूड लेन्स लहानाला लावली असती तर तुमचं डोकं आणि अर्धं मशीन आलं असतं. मला एकदा म्हणाली होती, तळ्यावर लहान बरा, पक्षी जवळ येतो. घरी मोठा बरा, तुझ्या बाबांचं दुकान मावतं त्यात. मला वाटलं, दुकानाचे दोन-चार काढले असतील. तुमचे एवढे असतील, हे मला ती गेल्यावर कळलं.

बाबा : मला एका शब्दाने बोलली नाही.

मुलगी : बोलली असती तर तुम्ही पाठ सरळ करून बसला असतात. शर्ट बदलला असतात.

मावशी : भांगसुद्धा पाडला असता.

बाबा : हा फोटो चुकलाय जरा. मी एका बाजूला गेलोय. मधे नुसतं टेबल.

मुलगी : चुकलेला नाही. उजवीकडे बघा. अगदी कडेला.

बाबा : आरसा आहे. गिऱ्हाइकाचा.

मुलगी : आरशात बघा.

बाबा : जरा जवळ धर.

मावशी : काय आहे? अहो, काय आहे? कुणी सांगेल का मला?

मुलगी : आई आहे, मावशी. कॅमेरा डोळ्याला लावून. अर्धा चेहरा कॅमेऱ्यामागे, पण हसतेय ते कळतंय. तिच्या हातात आहे तो हाच मोठा. पट्टा गळ्यात नाही, मनगटाला गुंडाळलाय.

बाबा : मनगटाला. म्हणून मानेपाशी झिजला नाही.

मुलगी : लहान कॅमेऱ्याने काढला असता ना, बाबा, तर हा कडेचा भाग आलाच नसता. आरसाही नाही आणि तीही नाही.

बाबा : हा कागदावर काढता येतो का?

मुलगी : येतो की. केवढा हवा?

बाबा : केवढाही चालेल. पण कडा कापायच्या नाहीत. त्या फोटोवाल्याला बजावून सांग. चौकटीत बसत नाही म्हणाला तर चौकट मोठी कर म्हणावं.

मुलगी : सांगते.

बाबा : आणि तू लहान घेऊन जा उद्या. पिल्लं चांगली जवळ आण. जायच्या आधी त्याचा पट्टा माझ्याकडे दे, नवा कापूस भरतो. तुझी मान तिच्यासारखीच आहे. काचेल.

मुलगी : आणि मोठा?

बाबा : तो इथे राहू दे. बाहेरच, टेबलावर. खटका कुठला याचा?

मुलगी : हा. अलगद दाबायचा. पण तुम्ही काय काढणार?

बाबा : बघू. ती कुठे टेकून बसायची म्हणालीस?

मुलगी : इथे. कपाटाच्या या कोपऱ्याला.

मावशी : भाऊजी, माझे पाय गेले हो आता. आता तरी हलू का?

बाबा : हो, हला. जरा आरशासमोरून बाजूला व्हा, धाकट्या बाई.