रिठदची झडप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, इंजिनिअर दौलतसिंगजी साहेब. पाहुणे म्हणून लाभलेले आपले जुने ग्राहक फुलचंदजी. आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आदरणीय विमलबाई. आणि वाशीम टेलिफोन एक्स्चेंजमधील माझ्या बंधू-भगिनींनो,

मी अंजना. विमलबाईंच्या शेजारी बसून बोर्डावरचं काम शिकले. माझी पहिली शाळा घरातच झाली. धडा ऐकायला एकटे वडील असत, तरी मी अडखळायची. आज तर सगळी खोली भरली आहे. त्यातून माझं अर्धं लक्ष कोपऱ्यातल्या त्या छोट्या बोर्डाकडे आहे. याबद्दल क्षमा मागणार होते, पण साहेबही तिकडेच पाहताहेत.

काल आपलं नवं यंत्र सुरू झालं. आता ऑपरेटरला नंबर सांगायला नको. आपण डायल फिरवायची, की समोर घंटी. मला इतका आनंद झाला, की दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या विमलबाईंनाच मी फोन लावला. फुलचंदजी मात्र सवयीप्रमाणे रिसीव्हर कानाला लावून वाट पाहत राहिले. मग चालत इथे विमलबाईंकडे आले.

"बाई, झोपल्या का? बोलून काहून नाही राह्यल्या?"

"शेठ, आता बोटानं नंबर फिरवा. मी मधात नाही."

"मंग गावच्या खबरा कोन सांगन मले?"

हसा, तेही हसताहेत. पण या यंत्राला हँडलचे जुने फोन चालत नाहीत. कितीही हँडल फिरवा, ते ओ देत नाही. शहरातले फोन बदलले. रिठद गावच्या दवाखान्यातला तेवढा राहिला. डायल चालेल अशी तार तिकडे अजून गेलेली नाही. ती जाईपर्यंत लाइन बंद, असं ठरलं होतं.

गेल्या आठवड्यात हे कळलं, तेव्हा विमलबाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. निवृत्तीला आठवडा उरलेला माणूस सहसा वाद घालतो का?

"साहेब, नर्स दुर्गाबाईजवळ तोच एक फोन हाये. बाळंतीण अडली तं त्यायनं गाडी कशी बोलवाव?"

साहेब म्हणाले, "एका फोनसाठी जुना बोर्ड ठेवू? आणि बसेल कोण?"

मी म्हणाले, "मी." माझं टेबल शेजारीच आहे. हे बोलल्यावर मला रात्रभर झोप नाही, ती गोष्ट वेगळी.

साहेबांनी अट घातली. अडगळीतला तो बोर्ड जोडा. समारंभ संपायच्या आत रिठदची घंटी त्यावर आली तर लाइन राहील, नाहीतर उद्या काढू. म्हणून लाइनमन भिवाजीभाऊ सकाळच्या एस.टी.नं गेले आहेत. तिकडून हँडल फिरलं, की आपल्या बोर्डावरची पितळी झडप पडते. अजून ती पडलेली नाही. हार घालून झाला, पेढे वाटून झाले, शेवटची वक्ता मीच. खरं सांगते, मी मुद्दाम सावकाश बोलते आहे.

तर विमलबाईंची एक शिकवण. दोन लाइनी जोडणारी पिन काढण्याआधी विचारायचं, "झालं का बोलणं?" लाइन शांत असली, तरी पलीकडचं माणूस रडत असू शकतं. नवं यंत्र हे विचारणार नाही. आपण मात्र...

थांबा. झडप पडली.

नाही, मी नाही उचलणार. आज संध्याकाळपर्यंत बोर्ड बाईंचा आहे. बाई, हार राहू द्या, या. सगळ्यांनी जरा शांत राहा.

"वाशीम. बोला, दुर्गाबाई... हो, साफ ऐकू येऊन राह्यलं... साहेब इथंच हायेत, ऐकून राह्यले... भिवाजीले म्हना, पेढे ठेवले त्याच्यासाठी... झालं का बोलणं?"

साहेबांनी होकाराची मान हलवली. आपण सर्वांनी पाहिली.

अध्यक्षमहाराज, भाषण मध्येच सोडलं, पाठ केलेलं बरंचसं विसरले, कुणाचं नाव घ्यायचं राहिलंही असेल. ते पोटात घालावं. आपण इतका वेळ ऐकलंत, त्याबद्दल आभार. बाईंनी पिन काढली आहे. माझंही बोलणं झालं.