चारशेला तीन कमी

आता तुम्हीच सांगा, लिफ्टनं असं ऐन वेळी दार लावायचं का हो? आत चैत्राली, निशिकांतची बायको, फोनवर सांगतेय, "अगं, गुडघ्याचा डॉक्टर म्हणाला, निशिकांतचं खेळणं..." आणि धप्प! ती गेली अकराव्या मजल्यावर, मी खाली भाजीच्या पिशव्या घेऊन उभी! मी कशाला कुणाच्या मध्ये पडू, पण जीव कळवळला. अहो, निशिकांत म्हणजे इथं परदेशात आमच्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकचा हिरो! मेलबर्नला शिकायला गेला नि डिग्रीबरोबर तिथला फुटबॉलही घेऊन आला. लांबोडका चेंडू, चार उंच खांब, मधल्या दोघांतून लाथेनं घालवला की गोल, एकदम सहा पॉइंट! इथल्या क्लबात सोळा वर्षं रविवार सकाळ हेच. तीनशे सत्त्याण्णव गोल! चारशे झाले की सगळे मैदानात धावत येऊन खांद्यावर घेणार होते म्हणे... तीन राहिले हो, तीन!

मी कशाला मध्ये पडू, पण असा खेळाडू गुपचूप घरी बसवायचा? लगेच ग्रुपवर टाकलं, निशिकांतचा निवृत्ती सत्कार! इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, शाल, नारळ, मानपत्र, ऐंशी बटाटेवडे. भाषण करताना शेजारचा अभय रडला, मी रडले, क्लबचा गोरा कॅप्टन, त्याला मराठी काय कळलं कोण जाणे, तोही रडला. "मेट, तुझा नऊ नंबर आता कुणालाच नाही!" म्हणून जर्सी फ्रेम करून दिली, चिखलाच्या डागासकट! निशिकांत आपला त्या उकाड्यात शाल पांघरून घाम पुसतोय...

सगळे गेल्यावर हळूच म्हणतो, "काकू, डॉक्टर म्हणाला होता, खेळणं चार महिने बंद."

"चारच? अरे मेल्या, मग बोलला का नाहीस?"

"मानपत्र वाचत होतात तुम्ही. मध्येच कसं बोलणार?"

"मी कशाला मध्ये पडू, पण कॅप्टनला आत्ता फोन लावते!"

"नको, काकू." गुडघा चोळत बसला. "त्रेचाळीस झाली मला. चार महिन्यांनीही हा ऐकेल असं वाटत नाही. आणि स्वतःहून थांबणं... मला जमलंच नसतं."

म्हणजे बघा, बातमी निम्मी खरी होती, उरलेली मी खरी केली!

आता रविवारी सकाळी त्याला घरी करमत नाही, आमच्याकडे येऊन खिडकीशी बसतो. मी चहा टाकते... आणि आयुष्यात पहिल्यांदाच, तुम्हाला सांगते, कुणाला काही विचारत नाही.