सलीमचा निकाह अन् दवाखान्याचं स्विच

आपल्या सलीमची गोष्ट सांगतो, तो समोर बसला हाय तरी सांगतो. चिखलीच्या एका दवाखान्यात आम्ही नवा सर्व्हर लावाले गेलो होतो. पेशंटचे सगळे एक्स-रे वेगळ्या स्टोरेजमंदी ठेवलेले. कोणत्या सर्व्हरले ते स्टोरेज दिसू द्याचं, हे दोन्ही जोडणाऱ्या मधल्या डब्ब्याले, म्हंजे स्विचले, सांगा लागते, त्याले झोनिंग म्हणतात. सलीमनं झोन बनवले, सेव्ह केले, तरी सर्व्हरले काहीच दिसेना. बाहेर हातपाय मोडलेले पेशंट ताटकळले, डॉक्टर मॅडम सारख्या डोकावून राह्यल्या, अन् सलीम वायरी उपसत बसला.

मी स्क्रीन पाह्यली अन् म्हटलं, "सलीम, तुही मंगनी झाली ना अमडापूरले?"

"हाव."

"मंग भाभी घरी काऊन नाही दिसत?"

"निकाह बाकी हाय बे."

"याचंबी तसंच हाय. तू झोन नुसते सेव्ह केले, चालू कोण करन?"

सलीमनं झोन चालू केले. एक्स-रे भराभर उघडले.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. "काय अडलं होतं?"

गडबडीत सलीम बोलून गेला, "निकाह बाकी होता, मॅडम."

मॅडमनं त्याच्याकडं शांतपणे पाह्यलं. "मुबारक हो. आता पेशंट आत पाठवू का?"